मूल ढ, की भाषा परकी?

देगलूर-बिलोलीकडची, औराद-भालकीकडची कित्येक मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी हैदराबादेत स्थिरावली आहेत. घरात मराठी, गल्लीत दखनी, शाळेत इंग्रजी आणि जोडीला तेलुगू! २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत पहिली ते दहावी तेलुगू सक्तीचे झाले. राज्याची भाषा मुलांनी शिकावी, याबद्दल आमची तक्रार नाही. पण अशा घरातले मूल वाचनात अडखळले की शाळा त्याला ढ ठरवते आणि घरचे आळशी म्हणतात, हे आम्हाला मान्य नाही.

वास्तविक अडखळण्याची कारणे दोन असू शकतात. एक, भाषाच परकी. दुसरे, अध्ययन अक्षमता. वाचनातील अक्षमतेला डिस्लेक्सिया म्हणतात. या मुलांची बुद्धी शाबूत असते, पण अक्षर आणि उच्चार यांची सांगड लवकर बसत नाही. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गोंधळ होतो, काना-वेलांटी गळते, जोडाक्षरापाशी गाडी थांबते. तेच मूल तोंडी विचारले तर गोष्ट घडाघडा सांगते. सिकंदराबादच्या मनोविकासनगरात १९८४ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था बौद्धिक अक्षमतेसाठी आहे. ती अक्षमता वेगळी, ही वेगळी. दोहोंची गल्लत होऊ नये.

मग खरे कारण ओळखावे कसे? आमच्या मते मातृभाषेतून. काही महिने मराठी अक्षरे नीट शिकवा. भाषेमुळे अडलेले मूल वाचू लागेल. डिस्लेक्सिया असलेले मूल मराठीतही अडेल. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' ही चाचणी हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आणली. साधन हाताशी असताना केवळ इंग्रजीतून तपासून शिक्का मारणे हा अन्याय होय.

१९९५ च्या अपंग कायद्यात या मुलांचे नावही नव्हते. २०१६ च्या कायद्याने ते आणले. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, या सवलती कलम १७ मध्ये नमूद आहेत. मेख आहे ती इथेच. भाषा कमी करायची म्हटली की पहिली कुऱ्हाड मराठीवर पडते! जी भाषा मुलाला कळते तीच काढून घेतली, तर त्याने शिकायचे कशाच्या आधारावर? प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे घटनेचे कलम ३५०-अ सांगते. ते आले १९५६ साली, हैदराबाद राज्याची वाटणी झाली त्याच वर्षी. निजामाच्या राजवटीतही १९०७ मध्ये विवेकवर्धिनी उभी राहिली होती, याचा विसर पडू नये.

पालकांनी तपासणी मराठीतून मागावी, सवलतीचा अर्ज लेखी द्यावा आणि सूट कोणत्या भाषेतून हवी ते त्यात स्पष्ट लिहावे. गुरुजींनी अशा मुलाला वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावू नये. उत्तर तोंडी घ्यावे, शब्द फोडून शिकवावा. घरी रोज पंधरा मिनिटे मराठी पुस्तक शेजारी बसून वाचावे. एवढे तर आपल्या हाती आहे.