हातावेगळे करण्यापूर्वी

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयात आईच्या शुश्रूषेसाठी आठ दिवस राहण्याचा प्रसंग आला, तेव्हा खाटेपाशी बसल्या बसल्या माझी दृष्टी वारंवार वॉर्डाच्या कोपऱ्यात मांडलेल्या पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या आणि निळ्या पात्रांवर जाऊन खिळे. सिस्टर इंजेक्शन देऊन वळल्या की सुईला टोपण पुन्हा घालण्याचे कटाक्षाने टाळीत. ट्रॉलीवरच्या नीडल कटरमध्ये तिचे टोक घालून दांडी दाबताच 'कट्' असा बारीक आवाज होई, सुई पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात कायमची बंदिस्त होई आणि उरलेली सिरिंज सलाईनच्या नळ्यांच्या सोबतीला तांबड्या पिशवीत पडे. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत जाई, फुटलेल्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात.

या रंगांतून प्रत्येक वस्तूची अंतिम गती आधीच मुक्रर झालेली असते. पिवळ्या पिशवीतला बहुतेक ऐवज भट्टीत जातो, जिच्या दुसऱ्या कप्प्यातील उष्णता १०५० अंशांच्या आसपास राखावी लागते. तांबड्यातले प्लास्टिक दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून, त्याचे तुकडे करून पुन्हा उपयोगात आणले जाते. म्हणूनच क्लोरीनयुक्त प्लास्टिकची एखादी नळी चुकून पिवळ्या पिशवीत गेली तर तिच्या ज्वलनातून डायॉक्सिनसारखी विषे हवेत मिसळण्याचा धोका उद्भवतो.

या व्यवहाराचे नियम आपल्याकडे प्रथम १९९८ साली झाले व २०१६ साली नव्याने जारी झाले. पिशव्यांवर बारकोड असावा, प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांच्या मुदतीपलीकडे सामान्यतः साठवू नये, तो हाताळणाऱ्यांना कावीळ-ब व धनुर्वाताच्या लशी टोचाव्यात, अशा तरतुदी त्यांत आहेत. परंतु माझ्या मते या सर्वांचा पाया असलेली ताकीद एकच, की कचरा जेथे निर्माण होईल तेथेच तो वेगळा करावा, कारण एकदा मिसळलेले पुढे निवडायचे म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी हात त्यात घालणे होय.

तो हात मी पाहिला. तीन-चतुर्थांश भरलेल्या पिशवीचे तोंड आवळताना वॉर्डातल्या मावशींनी, पूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात कामाला असताना बोटात सुई शिरल्याची हकिकत सांगितली. "कापसात सुई होती, ताई. दिसणार कशी? मग सहा महिने रक्त तपासत राहिले." एवढे बोलून त्यांनी जाड हातमोजा वर ओढला, वजन करून नोंदवहीत आकडा लिहिला आणि झाकणाची गाडी ढकलीत त्या मागील दाराकडे निघून गेल्या.

घरी निघण्याच्या दिवशी आईच्या हाताची सलाईन काढल्यावर दाबून धरायला दिलेला कापसाचा बोळा माझ्या चिमटीत राहिला होता. जवळच साधी कचरापेटी होती. पण मावशींचे ते बोट आठवले, आणि मी कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन, रंग नीट पाहून, तो पिवळ्या पिशवीत टाकला.