तारा लावण्याआधीचे कोन

पुढे आलेले दात दिसायला सारखेच, पण कारणे वेगवेगळी असतात. कुणाचा वरचा जबडा पुढे वाढलेला असतो, कुणाचा खालचा मागे राहिलेला, तर कुणाचे जबडे जागच्या जागी असून दातच तेवढे कललेले. तारा लावण्याआधी हे ठरवावे लागते. पिंपरीतले दंत महाविद्यालय असो की चाकणमधला दवाखाना, त्यासाठी डोक्याचा बाजूने एक्स-रे काढतात. त्याला सेफॅलोग्राम म्हणतात. 1931 मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी ही पद्धत मांडली. दोन्ही कानांत दांड्या अडकवून डोके स्थिर धरले जाते, म्हणून दोन वर्षांनी काढलेली फिल्मही आधीच्या फिल्मशी ताडून पाहता येते.

फिल्मवर बिंदू शोधायचे. पूर्वी हे काम पारदर्शक कागदावर पेन्सिलीने चाले, आता बहुतेक संगणकावर होते. पीयूष ग्रंथीच्या खोबणीचा मध्य म्हणजे ‘एस’, कपाळ आणि नाकाचे हाड जुळते तो ‘एन’, आणि वरच्या व खालच्या जबड्याच्या पुढच्या बाजूचे खोलगट बिंदू म्हणजे ‘ए’ आणि ‘बी’. स्टायनर यांच्या पद्धतीत एसएनए कोन सुमारे 82 अंश आणि एसएनबी 80 अंश असावा. यातला दोन अंशांचा फरक म्हणजे एएनबी. तो चाराच्या वर गेला तर खालचा जबडा तुलनेने मागे आहे, शून्याखाली गेला तर पुढे आहे, असे समजतात.

गोम ‘एन’ बिंदूत आहे. तो जन्मतःच थोडा पुढे असला, तर जबडे जागचे न हलताही एएनबी कमी भरतो. हा दोष टाळण्यासाठी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील वसुंधरा भड आणि सहकाऱ्यांनी ‘डब्ल्यू’ कोन सुचवला. त्यात ‘एन’ लागतच नाही, आणि 51 ते 56 अंश ही सर्वसाधारण मर्यादा धरली जाते.

चेहऱ्याची उंची कळते ती खालच्या जबड्याच्या कडेच्या उतारावरून. कानापासून डोळ्याच्या खोबणीखाली जाणाऱ्या रेषेशी ही कड साधारण 25 अंशांचा कोन करते. तो बराच जास्त असला तर चेहरा लांबट असतो आणि पुढचे दात अनेकदा एकमेकांना टेकत नाहीत. कमी असला तर चेहरा चौकोनी, चावा खोल.

या ‘प्रमाण’ आकड्यांवर डोळे मिटून विसंबणे बरे नव्हे. सेफॅलोग्राम मोजण्याची आणखी एक पद्धत मांडणारे डाउन्स यांनी 1948 मध्ये आपले मापदंड बसवले ते अवघ्या 20 गोऱ्या मुलामुलींवरून. कारखान्यांमुळे मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची माणसे जिथे एकत्र आली, त्या पिंपरी-चाकण पट्ट्यात एकच आकडा सगळ्यांना लावला तर निरोगी चेहराही सदोष ठरेल.

कोन तोच असला तरी वयाप्रमाणे उपचार बदलतात. वाढीच्या वयात विशिष्ट उपकरणांनी खालच्या जबड्याच्या वाढीचा फायदा घेता येतो. मुलींमध्ये हा काळ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी येतो. वाढ थांबल्यावर उपदाढा काढून दात मागे घेणे किंवा शस्त्रक्रिया, हेच मुख्य मार्ग उरतात. मुलाचा खालचा जबडा मागे वाटत असेल, तर सगळे कायमचे दात येण्याची वाट न पाहता एकदा दाखवून घ्यावे.