संमतीची सही आणि नीतीचा तास

बंगळुरू : शाळाप्रवेशाच्या अर्जावर सही करताना पालक शुल्काचा आकडा आणि बसचा मार्ग बारकाईने पाहतात, शेवटच्या पानावरील अटी सहसा वाचल्या जात नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये येथील क्लॅरेन्स हायस्कूलच्या अर्जातील अशाच एका अटीने राज्याचे राजकारण ढवळून निघाले. पाल्याने प्रार्थनासभेस व धर्मग्रंथाच्या तासाला बसावे, बायबल व भजनांचे पुस्तक शाळेत आणावे, यास आपली हरकत राहणार नाही, असे त्यात पालकांकडून लिहून घेतले जात होते. हिंदू जनजागृती समितीने त्यावर आक्षेप घेतला आणि शिक्षण खात्याने शाळेकडे खुलासा मागितला. बंगळुरूचे आर्चबिशप पीटर मचाडो यांनी धर्मांतराची एकही तक्रार नसल्याचे सांगत शाळेची बाजू घेतली.

या वादाला महिनाभरापूर्वीची पार्श्वभूमी होती. गुजरात सरकारने सहावी ते बारावीच्या अभ्यासक्रमात भगवद्गीतेचा समावेश जाहीर करताच कर्नाटकाचे तत्कालीन शिक्षणमंत्री बी. सी. नागेश यांनीही नीतिशिक्षणात गीता आणण्याचा मानस व्यक्त केला होता. बायबल आणि कुराण हे धर्मग्रंथ आहेत, गीता तशी नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. एका ग्रंथाला धर्म म्हणून अडवायचे आणि दुसऱ्याला नीती म्हणून प्रवेश द्यायचा, ही भूमिका राजकीयदृष्ट्या सोयीची असली तरी घटनेच्या कसोटीवर टिकणे कठीण होते.

तीन शाळा, तीन नियम

घटनेचे अठ्ठाविसावे कलम ग्रंथाचे नाव विचारत नाही. शाळा कोणाच्या पैशावर चालते, हे विचारते. संपूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. ज्या न्यासाने वा देणगीने संस्था स्थापली त्याचीच तशी अट असेल आणि सरकार केवळ तिचे प्रशासन पाहत असेल, तर त्याला अपवाद आहे. सरकारमान्य वा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण देता येते. मात्र विद्यार्थ्याची, आणि तो अज्ञान असल्यास पालकाची, संमती असल्याखेरीज त्याला त्यात भाग घ्यायला लावता येत नाही. ७ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीतील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धार्मिक शिक्षण आणि धर्माचा अभ्यास यांतील भेद स्पष्ट केला होता. मनाई पहिल्याला आहे, दुसऱ्याला नाही.

बदलीवर आलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना हा प्रश्न आपल्या घरापासून दूरचा वाटू शकेल. परंतु त्यांची मुले ज्या केंद्रीय विद्यालयांत शिकतात, तेथील सकाळच्या संस्कृत प्रार्थनेलाही सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. ही प्रार्थना सार्वत्रिक मूल्यांची की विशिष्ट धर्माची, हा प्रश्न मोठ्या पीठाने विचारात घ्यावा, असे न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये म्हटले.

खासगी शाळेत मात्र सारा भार संमतीवर येतो. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालविण्याचा घटनादत्त अधिकार आहे, आणि अनेक मराठी कुटुंबांनी शिस्त व इंग्रजीसाठी मिशनऱ्यांच्या शाळा जाणूनबुजून निवडल्या, हेही खरे. पण जूनच्या तोंडावर बदली झालेल्या, शहरात ओळखपाळख नसलेल्या कुटुंबापुढे निवड तरी किती असते? घराजवळची एकच शाळा जागा देत असेल, तर तिची अट नाकारणे म्हणजे जागा गमावणे. नाकारण्याची सोय नसलेली संमती ही नावापुरती संमती होय. तीच गोष्ट उलट बाजूनेही लागू पडते. सरकारी शाळेत गीतापठणाचा तास सुरू झाला असता, तर गरीब मुस्लिम वा ख्रिस्ती मुलाला वर्गातून उठून जाणे कितपत शक्य झाले असते?

अहवाल आहेत, शिक्षक नाहीत

यातून वाट दाखविणाऱ्या समित्यांची देशात उणीव नाही. मुंबई राज्याचे तत्कालीन राज्यपाल श्रीप्रकाश यांच्या समितीने १९६० मध्ये धार्मिक व नैतिक शिक्षणावर अहवाल दिला. जे. पी. नाईक सदस्य-सचिव असलेल्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत फरक करून दुसऱ्याची शिफारस केली. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ मध्ये सत्य, सदाचरण, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये पुढे ठेवली. सर्व धर्मांची ओळख करून देणे घटनाबाह्य नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात दिला.

तरीही माध्यमिक शाळेत हा विषय उभा राहिला नाही. त्याला गुण नाहीत. दहावीची परीक्षा जवळ आली की नीतीचा तास गणिताकडे जातो. इस्लाम, लिंगायत, जैन व ख्रिस्ती परंपरा सारख्याच आस्थेने आणि अलिप्ततेने शिकवू शकेल, असा शिक्षक घडविण्याचे काम कष्टाचे आणि वेळखाऊ आहे. घोषणेला मात्र खर्च येत नाही.

मे २०२३ मध्ये कर्नाटकात सत्तांतर झाले. जूनमध्ये सिद्धरामय्या सरकारने हेडगेवार व सावरकर यांच्यावरील पाठ वगळण्याचा आणि शाळांत घटनेच्या उद्देशिकेचे वाचन अनिवार्य करण्याचा निर्णय घेतला. उद्देशिका सर्वांची आहे, हे निर्विवाद. पण अर्थाची चर्चा न होता रोज म्हटलेले कोणतेही वाचन पाठांतराच्या वाटेने जाते. एका पक्षाने ग्रंथ दिला, दुसऱ्याने उद्देशिका दिली. प्रश्न विचारण्याचा तास कोणीच दिला नाही.

तातडीने करता येण्याजोगे काम छोटे आहे. धार्मिक तासाची संमती प्रवेशअर्जापासून वेगळी घ्यावी, ती नाकारल्यास प्रवेश अडू नये आणि त्या वेळेत मुलाला दुसरा तास मिळावा, असा एकच नियम राज्याने सर्व धर्मांच्या संस्थांना लावला पाहिजे. मोठे काम अभ्यासक्रमाचे. मराठी संतांनी पंढरीच्या विठ्ठलाला कर्नाटकाचा म्हटले आणि पुरंदरदासांनी त्याच विठ्ठलाच्या मुद्रिकेने कन्नड पदे रचली. एकच देव दोन भाषांत कसा वावरला, हे बंगळुरूच्या वर्गात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या मुलांनी एकत्र बसून समजून घेतले, तर ते धार्मिक शिक्षण ठरणार नाही. त्यासाठी कोणत्याही पालकाची सही घ्यावी लागणार नाही.