व्यवहारातील शब्दसंपत्ती आणि इंग्रजी परीक्षेतील लेखन : नाशिक परिसरातील काही उदाहरणे

इंग्रजी लेखनाच्या परीक्षेस बसणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास उद्योग व कार्यालय यांसंबंधीचे शब्द येत नाहीत, अशी तक्रार अध्यापकवर्गाकडून वारंवार ऐकू येते. नाशिकच्या बाबतीत तरी ती तपासून पाहावयास हवी. नाशिकरोड येथे १९२५ साली सिक्युरिटी प्रेस व १९२८ साली करन्सी नोट प्रेस सुरू झाली. १९६४ मध्ये ओझर येथे विमाननिर्मितीचा कारखाना स्थापन झाला. पुढे सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती वाढल्या. शिफ्ट, ओव्हरटाइम, गेटपास, बोनस, परमनंट हे शब्द या कारखान्यांतून घराघरांत पोचले आहेत. तेव्हा उणीव शब्दांची नाही. मराठीत नांदू लागताना या शब्दांनी मराठी अर्थ आणि मराठी व्याकरण पत्करले. परीक्षार्थी ते तसेच्या तसे इंग्रजीत परत नेतो, ही खरी अडचण होय.

'कंपनी' हा शब्द पाहावा. 'वडील कंपनीत गेले आहेत' या वाक्यात कंपनी म्हणजे कारखान्याची जागा. इंग्रजीत मात्र कंपनी ही मुख्यतः व्यवसायाची संस्था असून जागेसाठी फॅक्टरी, प्लँट, वर्क्स असे निराळे शब्द आहेत. पाळी संपवून कंपनीबाहेर पडलेला कामगार इंग्रजीत लिहिताना थेट संस्थेबाहेर पडतो, म्हणजे नोकरी सोडतो, असा अर्थ होण्याचा संभव असतो! 'लेबर' हा इंग्रजीत समूहवाचक शब्द. मराठीत 'दोन लेबर आले' असे सहज म्हटले जाते. 'स्टाफ'चीही तीच गत. व्यापारी बोलीतील 'पार्टी' म्हणजे गिऱ्हाईक किंवा देणेकरी. परीक्षेतील पत्रात 'आमच्या पार्टीने पैसे दिले नाहीत' असे लिहिल्यास परीक्षकास राजकीय पक्षाचा किंवा मेजवानीचा बोध व्हावयाचा.

याच्या उलट, मराठीत भेद स्पष्ट असूनही विद्यार्थी त्याचा उपयोग करीत नाहीत, अशीही स्थळे आहेत. रजा, सुट्टी आणि खाडा हे तीन शब्द कोणताही कामगार एकमेकांत मिसळत नाही. रजा मंजूर करून घ्यावी लागते, सुट्टी सर्वांना असते, आणि खाडा पडतो. इंग्रजीतील लीव्ह, हॉलिडे आणि विनापरवाना अनुपस्थिती यांची विभागणी जवळजवळ हीच आहे. फरक व्याकरणाचा : मराठीत 'दोन रजा शिल्लक आहेत' हे शुद्ध, तर इंग्रजीत या अर्थी लीव्हचे अनेकवचन होत नाही, तेथे 'दोन दिवसांची रजा' अशीच रचना करावी लागते. वर्गात या शब्दाचा अर्थ सांगण्यात वेळ दवडण्यापेक्षा एवढा एक नियम सांगणे अधिक फलदायी ठरते.

'भाडे' या शब्दाची परिस्थिती निराळी आहे. घराचे, बसचे, ट्रकभर मालाचे आणि मंडपाच्या खुर्च्यांचे, सर्व भाडेच. इंग्रजी मात्र अनुक्रमे रेंट, फेअर, फ्रेट आणि हायर असे चार शब्द योजते. येथे मराठी भेद मूळ शब्दात नसून घरभाडे, बसभाडे अशा समासाच्या पूर्वपदात असतो. विद्यार्थ्यास प्रथम पूर्वपद विचारावे, मग इंग्रजी शब्द द्यावा.

सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित भांडार बाजाराच्या भाषेत आहे. निफाड तालुक्यातील लासलगावची कांद्याची बाजारपेठ देशभर प्रसिद्ध आहे. तेथील लिलावाची (हा शब्दही 'पगारा'प्रमाणे पोर्तुगीजांकडून आला) बातमी वाचणाऱ्या कुटुंबात भाव चढतो, उतरतो, पडतो, कोसळतो, स्थिरावतो. आवक वाढते, घटते. आय.ई.एल.टी.एस. या परीक्षेच्या शैक्षणिक शाखेत पहिल्या लेखनप्रश्नात आलेख, तक्ता यांसारखी माहिती किमान १५० शब्दांत वर्णावयाची असते. आलेख आला की चढ, उतार, चढउतार आणि स्थैर्य दाखविणाऱ्या क्रियापदांचीच गरज पडते. तरीही विद्यार्थी 'किंमत स्वस्त झाली' याचा शब्दशः तर्जुमा लिहितो. बाजारात 'भाव स्वस्त झाला' असे कोणी जाणता मनुष्य म्हणत नाही. वस्तू स्वस्त होते, भाव उतरतो. इंग्रजीचाही संकेत नेमका हाच आहे.

आणखी एक बारकावा. भाव २०० रुपयांनी वाढला आणि भाव २०० रुपयांवर गेला, या दोहोंतील अंतर शेतकऱ्यास समजावून द्यावे लागत नाही. त्यावर त्याचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते. मराठीत हा भेद 'नी' आणि 'वर' यांनी दाखविला जातो, इंग्रजीत 'बाय' आणि 'टू' या शब्दयोगींनी. 'नी' तेथे 'बाय', एवढे दाखवून दिले की आलेखवर्णनातील एक अत्यंत सामान्य चूक पुष्कळ अंशी टळते. इंग्रजी शब्दयोगींची सूची पाठ करवून हे साधत नाही, हा अनेक अध्यापकांचा अनुभव आहे.

शिकवणीवर्गांतून मिळणाऱ्या भारदस्त शब्दांच्या याद्यांविषयी येथे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. उपरोक्त परीक्षेत लेखनाचे मूल्यमापन चार निकषांवर होते आणि शब्दयोजना हा त्यांपैकी एक निकष आहे. परंतु त्यात शब्दाचा नेमकेपणा आणि त्याची योग्य सांगड हीही पाहिली जाते. 'यूज' सोडून सर्वत्र 'युटिलाइज' लिहिल्याने नेमकेपणा वाढत नाही. शुल्क भरून, नोकरीच्या किंवा परदेशी शिक्षणाच्या आशेने बसलेल्या उमेदवाराचे अशा याद्यांनी नुकसानच होते.

पत्रलेखनात कार्यालयीन मराठीची छाया विशेष जाणवते. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' हे मराठी अर्जाचे रूढ समापन असून त्याचेच इंग्रजी रूप, 'डू द नीडफुल', भारतीय कचेऱ्यांत दीर्घकाळ वावरत आले आहे. मराठी अर्जात ते खपते, कारण काय करावयाचे हे अधिकाऱ्यास ठाऊक असते आणि ते त्यास सांगणे उद्धटपणाचे वाटते. परीक्षेतील पत्राचा वाचक असा नसतो. सामान्य शाखेच्या प्रश्नपत्रिकेत पत्रात कोणते तीन मुद्दे यावेत हे सांगितलेले असते, आणि मागणी काय आहे हा बहुधा त्यांतीलच एक असतो. बिघडलेले यंत्र बदलून हवे, दुरुस्त करून हवे की पैसे परत हवेत, हे तेथे नाव घेऊन लिहावे लागते. रिप्लेसमेंट, रिपेअर आणि रिफंड हे तीन शब्द त्यासाठी पुरतात, आणि ते नाशिकच्या कोणत्याही विद्युत उपकरणांच्या दुकानात ऐकू येतात.