धुराडं नसलेला कारखाना

कारखाना म्हटला की धुराडं आलं, भोंगा आला. मिठागराला दोन्ही नाहीत. म्हणूनच नेरूळ-बेलापूरपासून उरणपर्यंत खाडीकाठच्या या जुन्या धंद्याला औद्योगिक वारसा म्हणायचं कुणाला सुचत नाही. खरं तर इथे जमीन हेच यंत्र होतं.

पावसाळा सरला की आगरी माणसं बांध दुरुस्त करत. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून, चोपून इतका घट्ट करायचा की मीठ ओढताना चिखल वर येऊ नये. सगळ्यात कष्टाचं काम हेच. मग उधाणाच्या भरतीला उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उचलून पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचं आणि उन्हाच्या हवाली करायचं. आटेल तसं ते एका खणातून पुढच्या खणात सरकवत न्यायचं.

खारेपणा मोजतात बोमे अंशात. समुद्राचं पाणी साधारण तीन-साडेतीन अंशांचं. तेराच्या आसपास तळाशी जिप्सम बसू लागतो, पंचविसाला मीठ धरू लागतं. हा जिप्सम म्हणजे प्लास्टरचाच कच्चा माल. सव्वाशे-दीडशे अंश सेल्सिअसला भाजला की पीओपी. मीठवाल्याला मात्र तो नकोसा, म्हणून आधीच्या खणांतच बसवून टाकायचा. जवळच्याच पेणच्या गणेशमूर्तींना लागणारं प्लास्टर पाहिलं की या नकोशा जिप्समची गंमत वाटते: देशातल्या खाणींतला बहुतेक जिप्सम येतो राजस्थानातून!

शेवटच्या वाफ्यात पाण्याला तांबूस झाक येते, वर पातळ साय धरते, तिचे कण जड होऊन तळाला जातात. लांब दांड्याच्या फळीने मीठ काठाला ओढतात. उरलेलं कडवट पाणी वेळेत सोडून द्यायचं; नाही तर त्यातलं मॅग्नेशियम मिठात उतरतं, मीठ कडू लागतं आणि सतत ओलं राहतं.

1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली. 95 गावांच्या हद्दीत भातखाचरांबरोबर मिठागरांवरही भराव पडला. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमीन गेलेल्यांनी केलेल्या आंदोलनात उरण परिसरात गोळीबार होऊन पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना त्यातूनच आली. भूखंडाच्या हिशेबात जमीन मोजली गेली, भरती आत घ्यायचं कसब कुणी मोजलं नाही.

ते कसब आता हवं होतं. 2024 मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येईना, तलाव सुकला, फ्लेमिंगो मेले, तेव्हा वाद पेटला तो पाणी येण्याच्या वाटेवरूनच. त्याच वर्षी राज्य सरकारने धारावीच्या पुनर्वसनासाठी मुंबईतली सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन घ्यायला मंजुरी दिली. जुन्या गिरणीचं धुराडं रिकाम्या आवारातही उभं ठेवता येतं. मिठागराचं तसं नाही. दरवर्षी दिवाळीनंतर कुणीतरी चिखलात उतरून तळ चोपला तरच ते मिठागर राहतं. एरवी दोन-चार पावसाळ्यांत बांध खचतात आणि मोकळी जमीन म्हणून तिचा भाव निघतो.