माल पोहोचला नाही, असे गिऱ्हाईक म्हणते तेव्हा

आपल्या वाडवडिलांच्या पेढीवरील जुनी पत्रे ज्यांनी कधी चाळली असतील त्यांच्या नजरेस एक वाक्य खात्रीने पडले असेल : "माल आजरोजी रवाना केला आहे, पोहोच लिहावी." पोहोच या लहानशा शब्दावर परगावचा सारा व्यापार उभा होता. गाठी लॉरीने जात, बिल्टी टपालाने जाई, आणि आठ-पंधरा दिवसांनी समोरच्या पेढीचे कार्ड आले म्हणजे दिवाणजी जावक वहीतील त्या ओळीपुढे खूण करीत. मगच ती बाब मालकाच्या मनावरून उतरत असे.

आज आपल्यापैकी कित्येक सभासद ऑनलाइन विक्री करू लागले आहेत. कोणी मोठ्या कंपनीच्या बाजारात आपला माल मांडतो, तर कोणी स्वतःचे संकेतस्थळ काढून बसतो. या नव्या व्यापारातही पोहोच आहेच. किंबहुना ती पूर्वीपेक्षा लवकर मिळते. कुरियरचा पोऱ्या आपल्या यंत्रावर बोट ठेवतो आणि त्याच क्षणी आपल्या पडद्यावर 'पोहोचले' अशी अक्षरे उमटतात. परंतु एक फरक आपण नीट ध्यानात घेतलेला नाही. पूर्वी पोहोच देणारा हा माल घेणारा असे. आता पोहोच देतो तो माल वाहणारा. ज्याने काम करावयाचे, त्यानेच ते झाल्याचा दाखला द्यावयाचा, अशी ही तऱ्हा आहे. गिऱ्हाईक "माल मिळाला नाही" असे कळविते तेव्हा आपण हा पडदा त्याच्यापुढे धरतो आणि वाद मिटला असे समजतो. माझ्या स्वतःच्या दुकानात हेच घडले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बेळगावच्या शहापुरातील आमच्या दुकानातून इंदूरच्या एका बाईंनी हिरवी इलकल साडी मागविली. मुलीचे डोहाळजेवण होते. किंमत ४,२०० रुपये. रक्कम आगाऊ भरलेली. पार्सल मंगळवारी गेले आणि शनिवारी पडद्यावर 'पोहोचले' असे दिसले. सोमवारी बाईंचा निरोप आला : "पार्सल अद्याप मिळालेले नाही. गुरुवारी कार्य आहे. कृपया पाहावे." हे काम माझा पुतण्या पाहतो. त्याने कुरियरच्या नोंदीचे चित्र पाठविले, त्यात सहीच्या जागी एक वेडीवाकडी रेघ होती, आणि खाली लिहिले : "आमच्या नोंदीप्रमाणे पार्सल आपणांस पोहोचले आहे. सबब आमची जबाबदारी संपली." पत्र पाठविण्यापूर्वी त्याने ते मला वाचून दाखविले होते. मी गल्ल्यावर होतो; "बरोबर आहे, पाठव," असे मीच म्हणालो. दोष मुलाचा नव्हे.

बाईंचे उत्तर त्याच संध्याकाळी आले. सही आपली नाही, शनिवारी घरातील सर्व माणसे देवासला गेली होती, असे त्यांनी लिहिले. आम्ही विश्वास ठेवला नाही. कुरियरच्या कचेरीत विचारले तर "आमच्याकडे पोहोचल्याची नोंद आहे" एवढेच ऐकावयास मिळाले. म्हणजे ज्या नोंदीविषयी शंका होती तीच नोंद पुरावा म्हणून पुढे आली. नऊ दिवसांनी इंदूरहूनच एका वृद्ध गृहस्थांचा दूरध्वनी आला. खोक्यावरील आमचा क्रमांक पाहून त्यांनी फोन केला होता. त्यांच्या इमारतीच्या चौकीदाराजवळ एक पार्सल पडून होते आणि त्यावरील नावाचे कोणी तेथे राहत नव्हते. त्या नावाच्या दोन इमारती दोन वेगळ्या वसाहतींत होत्या. पोऱ्याने पार्सल भलत्या इमारतीत टाकून रेघ ओढली होती.

मी स्वतः बाईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. "कार्य झाले. साडी येथल्या बाजारातून घेतली. आपला माल परत मागवून घ्या आणि पैसे पाठवा," इतकेच म्हणाल्या. रक्कम त्याच दिवशी परत केली. पण या बाई आमच्याकडे आल्या होत्या त्या वडोदऱ्यास राहणाऱ्या त्यांच्या नणंदेच्या सांगण्यावरून. त्या नणंदबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. दर सणाला त्यांच्या घरची मागणी ठरलेली. त्यानंतर वडोदऱ्याहून एकही मागणी आली नाही. रोजमेळात हा तोटा कोठेही लिहिलेला सापडणार नाही.

आता कायद्याची बाजू. आपल्या हाडीमाशी मुरलेला नियम असा की, माल वाहतूकदाराच्या हवाली केला की जोखीम घेणाराची. १९३० च्या मालविक्री कायद्यातील कलम ३९ यास आधार देते : खरेदीदाराकडे पाठविण्यासाठी वाहतूकदारास दिलेला माल प्रथमदर्शनी खरेदीदारासच दिला असे समजावयाचे. मात्र त्याच कलमात पुढे असेही आहे की, विक्रेत्याने मालाचे स्वरूप पाहून वाहतूकदाराशी वाजवी करार केला पाहिजे. तसा केला नाही आणि माल गहाळ झाला, तर वाहतूकदारास दिला म्हणजे मला दिला हे मानण्यास खरेदीदार नकार देऊ शकतो. हे वाक्य आपण सहसा विसरतो. शिवाय हा नियम पेढी-पेढीच्या व्यवहारात शोभतो. घरगुती गिऱ्हाइकाने वाहतूकदार निवडलेला नसतो आणि बिल्टीही पाहिलेली नसते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा त्यास आपल्याच गावच्या जिल्हा आयोगापुढे तक्रार मांडण्याची मुभा देतो. इंदूरच्या बाईंनी ठरविले असते तर ४,२०० रुपयांच्या साडीसाठी आम्हांस इंदूरच्या वाऱ्या कराव्या लागल्या असत्या. २०२० सालच्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची आणि निवारण एका महिन्यात करावयाचे आहे. ठरल्या मुदतीनंतर माल पोहोचला तर, दैवी आपत्तीसारखे कारण नसल्यास, पैसे परत देण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही. उशिरा पोहोचलेल्या मालाची ही गत, तर न पोहोचलेल्याविषयी काय सांगावे ! गिऱ्हाइकाने कार्डाने पैसे भरले असतील तर त्याची बँक, ज्यास चार्जबॅक म्हणतात त्या मार्गाने, रक्कम परत ओढू शकते, आणि पुरावा देण्यास आपल्या हाती मोजकेच दिवस राहतात.

वाहतूकदाराकडून भरपाई मिळत नाही असे नाही; पण ती मागावी लागते. २००७ च्या रस्ते-मालवाहतूक कायद्यात घरपोच माल नेणाऱ्या कुरियर संस्थांचाही समावेश आहे. माल हरवला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर नाही, ही मोठी सोय आहे. पण दावा करण्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत पोहोचली पाहिजे. दुसरी अडचण रकमेची. जादा किंमत जाहीर करून वाढीव दर भरला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी सामान्यतः भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. आमच्या साडीचे भाडे ९० रुपये होते. ती खरोखरच गहाळ झाली असती तर ४,२०० च्या मालापोटी ९०० रुपये हाती आले असते. टपालखात्याची जबाबदारी पूर्वीच्या १८९८ च्या कायद्यात मर्यादितच होती आणि जून २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यातही ती नियमांत ठरेल तेवढीच आहे. म्हणून मौल्यवान माल विम्याशिवाय पाठवू नये. आणखी एक बाब हिशेबनिसास विचारून घ्यावी : हरवला म्हणून वहीत लिहिलेल्या मालावर आपण जी जीएसटीची वजावट घेतली असेल ती परत करावी लागते.

आपले पूर्वज या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे होते, असे मला वाटते. हुंडी वाटेत गहाळ झाली तर पेठ, तीही गहाळ झाली तर परपेठ लिहून देण्याचा रिवाज होता. त्यासाठी कोणी कोणाला लबाड ठरवीत नसे. जोखमी हुंडीत तर माल सुखरूप पोहोचला तरच पैसे, हे आधीच ठरलेले असे. वस्तू हरवतात हे त्यांनी गृहीत धरले होते आणि हरवल्यावर काय करावयाचे ते आगाऊ ठरवून ठेवले होते.

इंदूरच्या प्रकरणानंतर आम्हीही काही गोष्टी ठरविल्या. पार्सल बंद करताना ते काट्यावर ठेवून, पत्ता आणि वजन दोन्ही दिसतील असे छायाचित्र घेतो. सहा आकडी पिनकोड आणि गाव यांचा मेळ पाहतो. एक आकडा चुकला तर पार्सल भलत्याच जिल्ह्यात फिरते. नेमक्या इमारतीची खूण गिऱ्हाइकास विचारून घेतो. दोन हजारांवरील माल ओटीपीनेच द्यावयाचा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या फोनवर आलेला आकडा सांगितल्यावाचून पोऱ्याने पार्सल सोडावयाचे नाही, असे वाहतूकदाराशी लिहून घेतले आहे. टपालखात्यानेही २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात मिळविल्यानंतर ओटीपीची सोय दिली आहे.

तक्रार आली की उत्तर त्याच दिवशी द्यावयाचे, आणि त्यात "पोहोचले आहे" हा शब्द वापरावयाचा नाही. "वाहतूकदाराच्या नोंदीत पोहोचल्याचे दिसते, आम्ही तपास करीत आहोत" असे लिहावयाचे. चौकीदार, शेजारी, घरातील वडील मंडळी यांच्याकडे विचारून पाहण्याची विनंती करावयाची. निम्म्याहून अधिक पार्सले येथेच सापडतात, असा आमचा अनुभव आहे. त्याच दिवशी वाहतूकदारास लेखी तक्रार जाते. पार्सल कोठे दिले, कोणास दिले, त्या वेळचे छायाचित्र आणि जागेची नोंद यांची मागणी त्यात असते. तोंडी बोलण्याने काही हाती लागत नाही. घरी लग्न-मुंज आहे असे गिऱ्हाइकाने सांगितले आणि रक्कम पाच हजारांच्या आत असेल, तर तपासाची वाट न पाहता दुसरा नग पाठवितो. मोठ्या रकमेस सात दिवसांची मुदत घेतो आणि ती तारीख गिऱ्हाइकास कळवितो.

"अशाने लोक लुटतील," असे माझे एक व्यापारी स्नेही म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. एका गृहस्थाने चार महिन्यांत तीन वेळा माल न मिळाल्याची तक्रार केली. नावे तीन, पण दूरध्वनीचा क्रमांक एकच. पहिल्या दोन वेळी आम्ही पैसे दिले. तिसऱ्या वेळी पुतण्याने वही चाळली तेव्हा तो क्रमांक पुन्हा दिसला. आम्ही कोणताही आरोप केला नाही. वाहतूकदाराकडे ओटीपी नोंदल्याची वेळ होती, तीही कळविली नाही. फक्त "माल मिळाला नाही" असे सही करून लिहून द्यावे, चौकशीसाठी ते वाहतूकदारास लागते, अशी विनंती केली. ती विनंती खरीच होती. प्रामाणिक गिऱ्हाईक असा कागद तासाभरात पाठविते. या गृहस्थांकडून आजतागायत काही आलेले नाही. अशी माणसे शंभरात एखाददुसरे, आणि त्या एकासाठी नव्व्याण्णवांना इंदूरसारखे पत्र लिहिणे मला परवडणारे नाही.

पैसे हाती पडल्यावर माल देण्याची पद्धत या भानगडीवर उपाय आहे, असे काही जण सुचवितात. ही पद्धत म्हणजे १८७७ पासून चालत आलेल्या व्ही. पी. ची नात होय. तीत "पोहोचले नाही" ही तक्रार राहत नाही हे खरे. पण पार्सल दारातून परत फिरण्याचे प्रमाण वाढते आणि जाण्यायेण्याचे दुहेरी भाडे आपल्याच अंगावर पडते. व्ही. पी. परत आल्याच्या कहाण्या आपल्या वडिलांनी कमी सांगितल्या काय ?

आमच्या जावक वहीत आता एक नवा रकाना आखला आहे. त्याचे नाव 'गिऱ्हाइकाची पोहोच'. पडद्यावर 'पोहोचले' दिसल्यानंतर दुसऱ्या दिवशी पुतण्या फोन करतो आणि गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने "मिळाले" म्हणेल तेव्हाच त्या रकान्यात तारीख घालतो. बहुतेक जण एका शब्दात उत्तर देऊन फोन ठेवतात. एखाद्या आजीबाई मात्र काठ-पदरापासून नातीच्या लग्नापर्यंत सारे सांगतात, आणि मुलाचा अर्धा तास जातो. गेल्या दिवाळीच्या गर्दीत हे फोन मागे पडले. पाडव्याला वही काढली तेव्हा सत्तावीस ओळी कोऱ्या होत्या. पंचवीस त्या आठवड्यात भरल्या. उरलेल्या दोहोंबद्दल वाहतूकदारास नोटिसा गेल्या आहेत.