गोंदण म्हणजे डाग नव्हे

आमच्या जव्हारला पाऊस आला की चार महिने ठाण मांडून बसतो, आणि घरोघरचे जुने फोटो खराब होतात ते याच दिवसांत. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो, चित्र त्याच थरात असतं. जिलेटिन बनतं जनावरांच्या हाडा-कातड्यापासून. ओल लागली की ते फुगतं, चिकट होतं आणि बुरशीला आयतंच खाद्य मिळतं. त्यात कुडाची भिंत आणि चुलीचा धूर. दिवाळीनंतर माणसं घराला कुलूप लावून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, मग फ्रेमकडे बघायला कुणी नसतं.

माझ्या स्टुडिओत येणाऱ्यांची मागणी बहुतेक एकच: वारलेल्या माणसाचा फोटो मोठा करून द्या. मोखाड्याकडच्या पाड्यांवरून येणाऱ्यांकडे पुष्कळदा एकच फोटो असतो, मतदार ओळखपत्रावरचा. ही ओळखपत्रं १९९३ साली सुरू झाली. त्याआधी कॅमेऱ्यासमोर बसायचं कारणच पडलं नव्हतं.

काचेला चिकटलेला फोटो मी कधीच ओढत नाही. ओढला तर चेहरा काचेवर राहतो आणि कोरा कागद हातात येतो. काच बाहेरून कोरड्या फडक्याने पुसायची आणि फोटो काचेसकट स्कॅनरवर पालथा घालायचा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय पुरतं, ओळखपत्राच्या फोटोला १२०० लावतो. कृष्णधवल फोटोही रंगीतच स्कॅन करतो. पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये ठळक दिसतात, लाल चॅनलमध्ये जवळपास नाहीसे होतात. लाल चॅनल धरून पुढे गेलं की निम्मं काम हलकं होतं. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही, सगळी दुरुस्ती कॉपीवर. भेग लुगड्यावरून गेली असेल तर शेजारचं कापड उचलून तिथे बसवतो. डोळ्यावरून गेली असेल तर घरच्यांना विचारल्याशिवाय माझा माऊस हलत नाही.

आता मोबाइलवरची एआय अ‍ॅप हेच काम चुटकीसरशी करतात. २०२१ साली आलेलं जीएफपीगॅन हे अशा कामाचं एक गाजलेलं मॉडेल. ते फ्लिकर या संकेतस्थळावरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांच्या संग्रहावर शिकलं. फोटोत डोळा पुसट असेल, तर शिकलेल्या चेहऱ्यांवरून अंदाजाने ते नवा डोळा बसवतं. पण त्या संग्रहात आमच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या कितीशा असणार?

खोडाळ्याचा एक तरुण अशाच अ‍ॅपमधून काढलेला आजीचा फोटो घेऊन आला होता. गोरा रंग, गुळगुळीत गाल, कपाळ कोरं. सोबत आलेली त्याची आई फोटो बघून म्हणाली, "ही कोण बाई? आमची म्हातारी कुठंय?" कपाळावरचं गोंदण यंत्राला डाग वाटलं होतं, त्याने ते साफ करून टाकलं. मी मूळ फोटो स्कॅन केला, पडद्यावर मोठा केला आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवून विचारत गेलो, "मावशी, हे काय?" कपाळावरचे ठिपके गोंदणाचे, हनुवटीवरचाही गोंदणाचा, गालावरचा मात्र बुरशीचा. तेवढाच काढला. रंग सावळाच ठेवला.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. अ‍ॅप जरूर वापरा, पण चेहऱ्यावरचं काम घरच्यांना शेजारी बसवून करा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलात तर त्याचा बारकावा जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मूळ फोटोच आणा. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा सोडवता येत नाही. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहून ठेवा. आणि फार थांबू नका. भेगा मी पाच वर्षांनीही बुजवीन; पण डाग कोणता आणि गोंदण कोणतं, हे सांगणारं माणूस तेव्हा घरात असायला हवं.